अम्मानं शोधलेला जावई

परतूर, ४ जाने. १९५६
आज पुन्हा बांगड्या वाढवल्या. उंबऱ्यावर हात आपटला. म्हणजे मुद्दामच. लगेच बाजारात, चंद्रभागा कासारणीकडं. नवरा वारलाय तिचा. गावभर बायकांचे हात भरते, स्वतःचे मोकळे. बांगडी चढवायच्या आधी हात दाबून दाबून मऊ करते. तेवढ्यासाठी... असो.
म्हणाली, "गुलाबबाई, तुमाला काच बिलकुल टिकत न्हाई."

७ जाने.
अम्माला संशय. गुरू आहे, आम्हा हिजड्यांची आईही तीच. एवढ्या बांगड्या फुटतात म्हणजे कुणी बाप्या हात धरतोय, असा तिचा हिशेब. "कोन हाय त्यो? बरा असंल तर घरात घेते." मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. तिला वाटलं लाजले. तिचा वहीम स्टेशनातल्या तिकीटबाबूवर.

१० जाने.
बाबूला पुरणपोळीचं जेवण! त्याला वाटलं, बदलीसाठी दुवा द्यायला बोलावलंय. पोटभर खाल्लं, अम्माच्या पायावर डोकं ठेवलं, गेला. अम्मा खूश. "जावई संस्कारी हाय."
हसून पोट दुखलं. मग भीती वाटली, ही खरंच लग्न ठरवायची.

११ जाने.
सांगून टाकलं. "बाबू न्हाई, अम्मा. कुनीच बाप्या न्हाई. चंद्रभागा."
सुपारी कातरता कातरता अम्मा थांबली. "मंग घर कशाला सोडलं गं? आईबापानं बायको करून दिली असती की!"
"तिथं नवरा व्हावं लागलं असतं. मी बाई हाय, अम्मा. जीव बाईवर हाय."
"असं कुठं असतंय?"
"हितं. तुमच्या म्होरं बसलंय."
तेव्हापासून अबोला. हिनं हाकललं तर मला दुसरं घर नाही. रडले. भाकरी करपली ती वेगळीच.

१३ जाने. भोगी
अम्मा न सांगता बाजारात गेली. आली ती कोपरापर्यंत बांगड्या भरून. चुलीपाशी फुगून बसली. म्हणाली, "हात मऊ हाय तिचा." चुलीत लाकूड सारलं. मग, "निरोप दिलाय तिनं. गुलाबबाईला म्हणावं, यायला बांगड्या फोडायची गरज न्हाई."
म्हणजे तिला माहीत होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि फार बरं वाटलं.

१४ जाने. संक्रांत
हात भरलेले. तिळगूळ पदरात बांधलाय. अम्मा दारातून ओरडून राह्यली, "जायचं तर जल्दी जा, गर्दी होईल!" निघाले. तिथं जाऊन काय बोलायचं ते अजून ठरलं नाही.