कोरडी गाठ

आष्टा,
६ ऑक्टोबर १९९६

चि. महेंद्र यास,

ताईचा सप्रेम जयभीम. आशीर्वाद उलटटपाली पाठवायला हवे होते, पण उशीर झाला. शिळे झाले तरी घे, आशीर्वाद नासत नाहीत.

साक्षीचं गणित सुधारलं हे वाचून आनंद झाला. ती माझी भाची आहे हे सिद्ध करायला तिने गणितात एवढे दिवस मार खायची गरज नव्हती. साक्षीच्या आईची कंबर कशी आहे? शेकायला सांग. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी वाहून न्यायचं म्हणजे कंबर हवी की क्रेन?

तुझा मुद्दा लक्षात आहे. मुदतीआधी निवृत्ती घ्यायची, आष्ट्याची खोली सोडायची आणि कायमचं तुमच्याकडे यायचं. साक्षीची दहावी, तिच्या आईला हातभार, आणि माझी म्हातारपणाची सोय. एका दगडात किती पक्षी मारतोस रे! विचार करते. दिवाळीनंतर लिहिते.

तोपर्यंत तळ्याची खबर ऐक, कारण तुला मनातून तीच हवी असते. बँकेत बसून गळाचं बूच पाण्यात बुडताना दिसतं का रे कधी?

यंदा तळं काठोकाठ आहे. कमळाची पानं अर्ध्यावर आलीत आणि मरळ मासे पिल्लांतून मोकळे झालेत. आषाढ-श्रावणात पिल्लांच्या तांबड्या घोळक्याखाली आईबाप राखण करत असतात, तेव्हा मी काठी उचलत नाही, हे तुला माहीत आहे. त्या वेळी मरळ भुकेनं येत नाही, रागानं येते. रागावलेल्या आईला फसवण्यात कसलं आलंय कौशल्य? आता मात्र ती शिकारीला निघते. सकाळी कोवळ्या उन्हात पानांच्या कडेला श्वास घ्यायला वर येते, पाण्यावर एक वर्तुळ सोडते आणि बुडते. वर्तुळावर टाकलंस तर गेली. तिचं तोंड कुठं होतं ते बघून दोन हात पुढं टाकायचं आणि पानावरून बेडूक आणावा तसं ओढत आणायचं.

बेडूक म्हणजे खरा नव्हे. ते मी सोडलं. जिवंत बेडकाच्या मांडीत गळ खुपसताना तो माझ्याकडे बघायचा आणि मला दहावीतली मुलं आठवायची. आता हवाई चपलेचा बेडूक वापरते. पट्टा तुटलेली चप्पल घ्यायची, तळवा कापून बेडकाच्या आकाराचा करायचा, पोटाला दोन गळ, मागं रबराच्या दोन शेपट्या. तरंगतो, पानात अडकत नाही. ही सुभेदार लालासाहेबांची विद्या. आसामात पोस्टिंग असताना शिकले म्हणतात.

लालासाहेब म्हणजे मागच्या वर्षी फौजेतून येऊन शाळेमागं राहायला आलेले. शिराळ्याकडचे. बायको वारून सहा-सात वर्षं झाली. त्यांच्याकडे फायबरची काठी आणि रीळ आहे. माझी मात्र आपल्या वडिलांची, दादांचीच चिव्याच्या बांबूची काठी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, ही काठी हाय व्हय? आमच्यात हिनं वासरं हाकत्यात." मी म्हटलं, "सुभेदार, तुमचं ते यंत्र बघून मासे सॅल्यूट ठोकतात, गळाला लागत नाहीत." त्या दिवशी मला दोन मिळाल्या, त्यांना एकही नाही. तेव्हापासून लालासाहेब माझ्या काठीला 'मॅडम' म्हणतात.

पोरांनी माझं नाव 'मत्स्यावतार' ठेवलंय. मी रागावले नाही. संस्कृतच्या तासाला कुणी एवढं लक्ष देतंय, हेच पुष्कळ.

शेजारची रंगुबाई मात्र परवा विचारत होती, "आवं बाई, त्यो सुभेदार मासं धराया येतोय, का तुमास्नी?" लय आगाऊ आहे.

मागच्या रविवारी एक मोठी गेली. हाताएवढी, नव्हे, हातापेक्षा लांब. काठाला आली होती, डोकं पाहिलं मी. गाठ सुटली. चपलेचा बेडूक तोंडात घेऊन गेली. असो. होतं असं.

मुंबईचं बघू.

तुझी
ताई


आष्टा,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. महेंद्र,

जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. दादांनी तुला मासेमारी शिकवली याचा आज पहिल्यांदा पश्चात्ताप होतो आहे. दुसरा कुणी असता तर 'अरेरे, मासा गेला' म्हणून सोडून देता. तू लिहितोस, "ताई, जन्मात तुझी गाठ सुटलेली मी पाहिली नाही. गळाचा नायलॉनचा तंगूस तुटेल, काठी मोडेल, पण गाठ? तो गळ तू बांधलेला नव्हतास. कुणी बांधला होता?" आणि खाली, "तुझ्या पत्रात मरळीपेक्षा लालासाहेबच जास्त वेळा वर आलाय."

बँकेनं तुला वसुलीवर घ्यावं.

तर ऐक. गेल्या पत्रात जे लिहायचं टाळलं तेच आता लिहिते.

त्या रविवारी माझा चष्मा शाळेत राहिला होता. गळाच्या डोळ्यातून तंगूस जाईना. हात लांब करून पाहिला; ह्या वयात डोळे अधू होत नाहीत, हात आखूड होतात. दादांचा नियम तुझ्याइतकाच मला पाठ आहे, आपला गळ आपणच बांधायचा, म्हणजे मासा गेला तर वैर कुणाशी नाही. पण मरळ समोर वर्तुळं सोडत होती. सुभेदार म्हणाले, "आणा हिकडं." मी दिला.

मासा गेल्यावर तंगूस ओढून पाहिला. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ. म्हणजे तुटला नव्हता, गाठीतून सरकला होता. तुला सांगायला नको: नायलॉनची गाठ ओढण्याआधी तोंडात धरून थुंकीनं ओली करायची. कोरडी ओढली की घासून जळते आणि धरत नाही. हे काल काठी घेतलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

मी विचारलं, "सुभेदार, गाठ ओली नाही केलीत?"

ते आपलं रीळ फिरवत बसले.

"विसरलात?"

"न्हाई."

म्हणजे जाणूनबुजून. महेंद्र, पुढं मला काय वाटलं ते तुला समजावून सांगायची गरज नाही. शाळेत आपल्याला ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तू लहान होतास, तुला कमी आठवतं. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवलं, हेडमास्तरांपासून सगळे 'बाई बाई' करतात, आणि तंगुसाच्या त्या कोरड्या टोकाकडे बघून मी आतून थंड पडले. वर्षभर बरोबर बसून चहा घेतला होता आम्ही. पण चहाचे कप दोन असतात.

मी सरळ विचारलं. ह्या बाबतीत आडून विचारणं मला जमत नाही. "माझा दोरा तोंडाला लावायला विटाळ वाटला का?"

असा लाल झालेला माणूस मी पाहिला नाही. "आवं, काय बोलताय बाई! गाठ मारली की शेपूट तुमी दातानं तोडता. दर टायमाला बघतोय मी. माझ्या थुंकीचा दोरा तुमच्या तोंडात जायाचा. परक्या बाईमाणसाला उष्टं कसं दिऊ?"

"म्हणून कोरडी ओढलीत?"

"म्हणून कोरडी वडली. वाटलं, धरंल."

"एवढी मोठी मरळ घालवलीत!"

"घालीवली," म्हणाले. "पर तुमास्नी उष्टं न्हाई दिलं."

मला हसू येईना आणि रडूही. पिशवीत दुसरा बेडूक होता. चपला दोन असतात हे बरं. मी बेडूक आणि तंगूस त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता नीट बांधा." त्यांनी आपली काठी खाली ठेवली. मग गाठ घातली, तोंडात धरून ओली केली, ओढली, आणि शेपूट माझ्यापुढं धरलं. मी ते दातानं तोडलं.

एवढंच झालं. पुढं दोघांनी तासभर गळ टाकले, काही लागलं नाही. पण ठरलं ते तेव्हाच. शब्दांत विचारायला त्यांना दिवाळी उजाडली, आणि तेही असं: "बाई, ह्या वयात लोक हसतील. तुमाला चालंल का?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षं दहावीच्या पोरांसमोर उभी आहे, हसण्याची सवय आहे."

लग्नाचा अंदाज बांधून तू पुढं लिहितोस, "त्यांच्या घरात तुला भांड्याला तरी शिवू देतील का?" ही भीती तुझी एकट्याची नाही. म्हणून आधी तेच मिटवलं. मी त्यांच्या घरात जात नाही. तेच माझ्या खोलीत यायचेत. त्यांचे थोरले भाऊ तात्याबा म्हणाले, "तुला दुसरी बाई मिळंना व्हय?" ह्यांनी उत्तर दिलं, "मिळत्यात की. मला हीच पायजे." तेव्हापासून शिराळ्याचं घर त्यांना बंद आहे. हे त्यांनी मला सांगितलं नाही, बाहेरून कळलं. विचारलं तेव्हा म्हणाले, "पावसात गळत हुतंच त्ये."

त्यांचा मुलगा शिवतेज जम्मूला फौजेत आहे. आष्ट्याला वसतिगृहात राहून शिकलेला, माझाच विद्यार्थी, संस्कृतात पस्तीस. त्यानं लिहिलंय, "आप्पा, माझी हरकत नाही. फक्त बाईंना सांगा, रजेवर आलो की रूपं पाठ म्हणायला लावू नका." वचन दिलेलं नाही.

म्हणजे मुंबईला मी येत नाही. साक्षीच्या पुढच्या वर्षीच्या दहावीच्या अभ्यासाला मे महिन्याच्या सुट्टीत येऊन बसेन, तिच्या आईच्या कमरेला हवं तितकं तेल चोळेन, पण पाहुणी म्हणून. तुमच्याकडे माझी अडचण झाली नसती, हे मला ठाऊक आहे. उपयोगच झाला असता. पण महेंद्र, उपयोगाची मी आयुष्यभर आहे. कुणाला नुसतीच हवी असण्याची ही पहिलीच वेळ.

२० डिसेंबर, शुक्रवार, सकाळी अकरा, सांगलीचं विवाह नोंदणी कार्यालय. नोटीस फळ्यावर लागली आहे. आमच्या खाली-वर सगळी बावीस-चोवीसची पोरं, मधे आम्ही दोघं, कोवळ्या हरभऱ्यात जुन्या बाभळीसारखे. तीन साक्षीदार लागतात. एक शिवतेज, दुसरी रंगुबाई. तिनं तर लुगडंही काढून ठेवलंय. तिसऱ्या सहीसाठी हेडमास्तर तयार आहेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

तू आला नाहीस तरी लग्न होईल. ते मी लपवत नाही, आणि त्यासाठी तुझी परवानगीही मागत नाही. पण बाहेर पडल्यावर रंगुबाई सगळ्यांसमोर विचारणार, "बाई, भाऊ न्हाई आला व्हय?" आणि मला म्हणावं लागणार, "त्याला बँकेत सुट्टी मिळाली नाही."

पाच शिलांतलं पहिलं, जीवहिंसा न करण्याचं, मी दर रविवारी तळ्यावर मोडते, ते माझं मी बघून घेईन. चौथं, खोटं न बोलण्याचं, लग्नाच्या दिवशी तुझ्यापायी मोडायला लावू नकोस.

तुझी, आणि २० तारखेनंतरही आधी तुझीच,
ताई