डाव्या डोळ्याखालचे मिलिमीटर

मंगळवार, ३ फेब्रुवारी

झालं. टोचून घेतलं. दोन्ही डोळ्यांखाली, फिलरचं इंजेक्शन.

बावीस मिनिटं लागली. सुईवाल्या बाई (डॉक्टर आहेत; पदवी भिंतीवर लावलीय, मी तारखेसकट वाचली) म्हणाल्या, "खड्डे छान भरलेत. दोन-चार दिवस सूज राहील, एखाद्याला दोन आठवडे. उशी उंच घ्या, मीठ कमी करा, आणि हात लावायचा नाही. दाबायचं तर मुळीच नाही." मी मान हलवली. साध्या सूचना आहेत. मला सूचना पाळता येतात.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सतराला. पट्टी अठराला निघणार. म्हणजे पंधरा दिवस. बाईंच्या कमाल मुदतीपेक्षा एक दिवस जास्तच. अठराला बाबा माझ्याकडे बघतील तेव्हा हा चेहरा तयार हवा. एवढंच काम.

आरशात पाहिलं. झोप पूर्ण झालेल्या बाईसारखी दिसतेय. ओळख नाही आमची.

बुधवार, ४

मी उठले, डावा डोळा उठला नाही. खाली हा एवढा फुगवटा! बेडकी फुगून बैल होत नाही म्हणतात. डावीकडची प्रयत्नात आहे.

ऑफिसात हजेरीचं यंत्र चेहरा बघून दार उघडतं. आज म्हणालं, 'चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' चार वेळा प्रयत्न केला. मागे रांग. पाचव्या वेळी डाव्या गालावर फाईल धरली, उघडलं.

शेजारच्या टेबलावर मायक्रॉन. खरं नाव वेगळं आहे, पण जो माणूस चहातली साखर तराजूवर तोलतो त्याला दुसरं काय म्हणायचं. बराच वेळ बघत होता.

"मॅडम, मधमाशी?"

"हो."

"एकच?"

गुरुवार, ५

सकाळी बाबांना बगल दिली. काल पण.

त्यांची सवय अशी – मी निघताना दाराशी चाचपत येतात, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवतात, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणतात, "ये." बस. दोन वर्षं झाली, नजरेत धूर भरला तेव्हापासून. त्याआधी त्यांनी असा हात फिरवल्याचं आठवत नाही. आमच्या घरात लाड करायची पद्धत नव्हती, दुरुस्ती करायची होती.

"उशीर झाला, बाबा!" म्हणत वाकून निसटले. हात तसाच हवेत. काय करणार, हात लावायचा नाही, बाईंनीच सांगितलंय. आणि तो हात साधा नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीयत त्याने. एका फिरकीत कळेल.

संध्याकाळी कपाटातला माझा व्हर्निअर कॅलिपर काढला, दोन जबड्यांत धरून मिलिमीटरचा दशांश मोजणारा. 'आज जरा कमी वाटतंय नै?' असं आरशाशी बोलत बसणं मला जमणारं नाही. पोटापाण्यासाठी मोजमापाची साधनं तपासते मी; स्वतःचं तोंड अंदाजाने बघू?

पापणीच्या कडेपासून फुगवट्याच्या खालच्या काठापर्यंत. डावी १२.६ मिमी. उजवी ८.४.

पद्धत ठरवली: डावीची पाच मापं सकाळी, पाच संध्याकाळी, सरासरी काढायची. उजवी नुसती तुलनेला, दिवसातून एकदा पुरे.

शुक्रवार, ६

डावी १२.५. प्रगती!

रविवार, ८

आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. दर रविवारी येते. चप्पल बाहेर काढते, मतं घेऊन आत येते.

"अगं बाई! कोणी मारलं गं तुला?"

खुर्चीतून बाबा – "कोणाला मारलं?"

मी आत्याला डोळ्याने खुणावलं. सुजलेल्या डोळ्याने खुणावता येत नाही, हे आज कळलं. ती आणखी घाबरली. "अगं, डोळा फडफडतोय तुझा!" शेवटी दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि खरं सांगितलं.

"सुई? चेहऱ्यात? स्वतःच्या पायांनी चालत जाऊन?"

"हळू बोल."

"नसते उद्योग! कोणी बघायला येणार आहे का तुला?"

"हो. बाबा."

आत्या गप्प झाली. तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून लिहिली.

वहीत तरी नीट लिहावं. बाबांनी मला शेवटचं स्वच्छ पाहिलं तेव्हा मी परदेशी प्रशिक्षणाला निघाले होते. बॅग भरलेली. मग त्यांची नजर गेली, ऑपरेशनला ते घाबरले, "पुढच्या वर्षी बघू" असं दोनदा झालं. मी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे त्यांचं, दिवसा ऑफिस, परत आल्यावर पुन्हा त्यांचं. यात डोळ्यांखाली दोन खळगे पडले, पडणारच. बाबा जेवताना म्हणतात, "माझ्यापायी अडकलीस." मी म्हणते, "काहीतरीच काय!" पुरावा नाही तोवर हे चालतं. अठराला त्यांच्यासमोर पुरावा उभा राहणार होता, दोन डोळ्यांखाली दोन.

म्हणून बुजवून घेतला.

सोमवार, ९

डावी १२.८!! उजवी ६.१, शहाण्या मुलीसारखी उतरतेय. एकच औषध, एकच हात, एकच दिवस – आणि एक बाजू अशी, दुसरी तशी.

ऑफिसात मायक्रॉन रबराची कडी मोजत होता. कॅलिपरचा जबडा आवळून. मी त्याला चांगलंच झाडलं. "अहो, मऊ वस्तू आहे ती! इतकं दाबल्यावर तुम्ही कडी मोजत नाही, स्वतःचा अंगठा मोजता." दोन नवे इंजिनिअर ऐकत होते. त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

बुधवार, ११

डावी १२.९.

मीठ बंद. तीन उशा. मी आता झोपत नाही, टेकून राहते, बस स्टॉपवर बसल्यासारखी.

सरासरी पक्की यावी म्हणून डावीची मापं वाढवली. पाचऐवजी आठ. सकाळी आठ, संध्याकाळी आठ.

बाबा म्हणाले, "हल्ली फार घाईत असतेस."

"कामं आहेत."

"हं."

दाराशी आले होते. आज हात वर केलाच नाही. बरं झालं, चुकवायला नको.

शुक्रवार, १३

क्लिनिकमध्ये गेले. सोबत आलेख. दोन रंगांत, सकाळ-संध्याकाळ वेगळे.

सुईवाल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. "फार सुंदर काढलाय. मोजता कशाने?"

पर्समधून व्हर्निअर काढून टेबलावर ठेवला. बाईंनी त्याला हात लावला नाही. एखाद्याने मेलेली पाल ठेवावी तशा बघत होत्या.

"हे टोचतं कुठे?"

"टोचत नाही. टेकतं."

"सुजलेल्या कातडीला टेकवून काठ सापडतो?"

"थोडं दाबावं लागतं."

"दिवसातून किती वेळा?"

"डावीला सोळा. उजवीला एक."

बाई भिंतीवरच्या पंख्याकडे बघत वाट पाहत राहिल्या. मला कळायला साधारण चार सेकंद लागले.

"मी हात लावू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. हळूच.

"हात नाही लावला. व्हर्निअर लावला."

या उत्तरासाठी मला नोकरीवरून काढायला हरकत नाही. 'स्वतःचा अंगठा मोजता!' रोज सकाळ-संध्याकाळ मीच सूज ठोकून बसवत होते आणि मग तिची सरासरी काढत होते, दशांशापर्यंत. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. मला आलेख लागला.

"डबीत ठेवा तो," बाई म्हणाल्या. "उतरेल. नाहीच उतरली तर विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण आधी पाच दिवस स्वतःला एकटं सोडा."

पाच दिवस. तेवढेच आहेत.

रविवार, १५

मोजलं नाही. हात शिवशिवतात. म्हणून घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं मोजली.

आत्या म्हणाली, "सांगून टाक गं त्याला."

"ऑपरेशनच्या तोंडावर? अजिबात नाही."

"तो विचारत होता, पोरीचं काही बिनसलंय का."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, कामाचा ताण असेल. पहिल्यांदा खोटं बोलले त्याच्याशी."

पहिल्यांदा! बरं.

मंगळवार, १७

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आत जाताना बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "पूर्वीसारखं दिसेल ना?" डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ दिसेल." बाबा म्हणाले, "नाही, पूर्वीसारखं?" डॉक्टरांना फरक कळला नाही. मलाही नीट कळला नाही.

बुधवार, १८

पट्टी निघाली.

बाबांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग नर्सच्या मनगटावरच्या. "तीन मिनिटं मागे आहे." नर्स हसली. मी माझं बघितलं – खरंच तीन.

मग माझ्याकडे वळले. बघत राहिले. त्यांनी कुणाचं उघडलेलं घड्याळ असं बघितलं की गिऱ्हाईक घाबरायचं. सोबत आलेल्या आत्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

"डावीकडे किंचित जास्त आहे," बाबा म्हणाले.

"डास चावला, बाबा."

"हं."

बस. 'माझ्यापायी' नाही, 'वाळलीस' नाही, काही नाही. म्हणजे काम फत्ते. पुरावा नष्ट. रिक्षात ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, आणि मी बाहेर बघत होते. आनंद व्हायला हवा होता. कुठे अडकला होता, सापडला नाही.

गुरुवार, १९

यंत्राने पहिल्या झटक्यात ओळखलं. बाबा सकाळी दाराशी आले नाहीत. आता दिसतं ना, कशाला येतील.

शुक्रवार, २०

चप्पल घालत होते. मागून बाबा – "थांब जरा."

समोर आले आणि डोळे मिटले. परवा उघडलेला डोळासुद्धा! मग हात फिरवला. कपाळापासून खाली. अंगठा डोळ्यांखाली थांबला, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"इथे खड्डे होते. रोज बोट जायचं. गेल्या वर्षभरात खोल झाले होते."

बाबा दोन वर्षं रोज मोजत होते, आणि हात इतका हलका की मला कळलं नाही.

"दोन आठवडे तोंड चुकवत होतीस. मला वाटलं, कंटाळलीस मला." मग डोळे उघडून म्हणाले, "ये."

ऑफिसला सतरा मिनिटं उशीर. रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. कोरा ठेवला.