डावीकडे, सगळ्यात खाली

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, सुट्टीभर छोट्या सरकारांना तुमच्याकडे ठेवू का, आणि मी एका दमात हो म्हणून मोकळा झालो. तुझी आई शेजारीच बसली होती, दुसरं काही बोलायची सोय नव्हती. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच आणि मगच लेकाची बॅग भरायला घे.

आधी बागेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. लव्हाळ्याने माझा पार मामा केलाय. वरून बघशील तर चार हिरवी पाती, साधं गवत वाटावं. खुरप्याने उकरलं की खाली काळी गाठ, गाठीतून दोऱ्याएवढं मूळ, ते थेट पुढच्या गाठीला. ओढलं की मूळ तुटतं, गाठ आतच राहते आणि थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा पाती माना वर काढतात. गुलाबाच्या वाफ्यात शिरलाय, फरशीच्या फटीतून वर आलाय. मी रोज सकाळी मातीत बसलेला असतो. तुझी आई म्हणते, एवढी चिकाटी तुम्ही संसारात कधी दाखवली नाहीत.

शेवटी शेजारचे मास्तर आणि मी मिळून तणनाशक आणलं. डबा मोठा, म्हणून निम्मं निम्मं घेतलं. माझा वाटा मी तुझ्या आईच्या एका रिकाम्या बाटलीत ओतला. तुला तिची सवय माहीत आहे, सरबताच्या बाटल्या धुऊन, लेबलं खरवडून ओळीने वाळत ठेवते. औषध पिवळसर, दाटसर, बाटलीत अगदी लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं. ओतताना माझ्याच अंगावर काटा आला, हे पक्कं आठवतं. साबणाने हात धुतल्याचंही आठवतं. त्यानंतर एकदम मी मागच्या पायरीवर बसलोय, ऊन उतरलंय आणि चहा गार झाला म्हणून आई ओरडतेय. मधलं काही नाही. बाटली कुठे ठेवली म्हणशील तर पाटी कोरी.

आणि हे कुणाच्या बाबतीत, तर माझ्या! अर्धा जन्म औषधांच्या दुकानात बाटल्या भरण्यात गेला, पण चिठ्ठी लावल्याशिवाय एक बाटली हातावेगळी केली नाही. आमचे मालक म्हणजे जमदग्नी. नव्या माणसाला ते आधी एकच गोष्ट शिकवायचे. विषारी माल डावीकडच्या कपाटात, सगळ्यात खाली, आणि बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, दोन वेढे देऊन. दिवे गेले तरी बोटांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे मी तुला लहानपणी इतक्यांदा ऐकवलंय की तू कानांवर हात ठेवायचीस.

मग मी घर पालथं घातलं. आईला म्हटलं, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर होता. फळीवरचं सगळं सरबत मोरीत ओतलं आणि बुरशी धरली होती म्हणून थाप मारली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ती काहीही तोंडाला लावायची की माझा जीव टांगणीला. मास्तरांना जाऊन विचारलं, तुमच्याकडे तर राहिली नाही ना, तर म्हणाले, अहो, तुम्हीच तर छातीशी धरून नेलीत. मागच्या खेपेला छोट्या सरकारांनी घरातलं एकही झाकण उघडायचं सोडलं नव्हतं. डोळे मिटले की मला तेच दिसायचं, त्याची ती इवली बोटं आणि बूच. आईला सांगायला हवं होतं, कळतं मला. पण तिने पुढे विचारलं असतं, आठवत कसं नाही तुम्हाला? त्या प्रश्नाची मला बाटलीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

बाटली आज सकाळी सापडली. सुटलात, असं म्हणू नकोस. नातू येणार म्हणून आईने त्याचं खेळण्यांचं कपाट पुसायला सांगितलं. बाहेरच्या खोलीतलं, दारातून शिरल्यावर डावीकडचं. शोधताना तेवढं एकच मी उघडलं नव्हतं, तिथे विष कोण ठेवील! सगळ्यात खालच्या खणात, त्याच्या रंगपेटीला खेटून ती उभी होती. बूच घट्ट. गळ्याला लाल दोरा, दोन वेढे, वर मालकांनी शिकवलेली गाठ. त्याच्या लाकडी आगगाडीची ओढायची दोरी कापून मी तो बांधला होता.

म्हणजे मी काहीच चुकलो नव्हतो. मालकांनी पाठ थोपटली असती. त्या दुपारी मी दुकानात होतो, चिमणे, आणि ते दुकान तू शाळेत असतानाच बंद झालं.

बाटली आता मास्तरांकडे आहे, कुलपात, किल्लीही त्यांच्याकडेच. पण माझी भीती काही तिच्याबरोबर गेली नाही. उद्या मी गॅस चालू ठेवून कुठे जाऊन बसेन, पोराचा हात रस्त्यात कुठे सोडेन, मला काय माहीत? म्हणून लिहितोय. त्याला माझ्यावर सोपवू नकोस. आजोबा बागेत फार कामात आहेत म्हणून सांग. तू मात्र ये, एकटी आणि लवकर. आईला हे एकट्याने सांगायचं माझ्याच्याने होत नाही, तू जवळ बसलीस तर सांगेन. मग मला डॉक्टरांकडे ने. मी चिडेन, मला काय धाड भरलीय म्हणेन, तू ऐकू नकोस. लहानपणी मी तुला दात काढायला नेलं होतं तसंच ने, हात घट्ट धरून. आगगाडीला मी नवी दोरी बांधलीय. निळी.

तुझाच,
बाबा