पहिली ओळ ह्यांची

कोर्लई, रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

हे गेल्यापासून वर्षभर खुंटीवर असलेलं ह्यांचं मातीचं घुमट मीच उतरवून वाजवायला पेद्रूला दिलं. मुंबईला नोकरी करणारी ही पोरं आपल्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीतल्या जुन्या भजनांना लाजतात. रोझी तर म्हणाली होती, “काकी, म्हाताऱ्यांची रडगाणी ही!”

“वल्ही मारताना म्हणून बघ,” एवढंच मी म्हटलं.

काल खाडीत चौघं वल्हवत गायली. ताल आपोआप बसला. आज चर्चमध्ये मात्र पहिली ओळ कोण म्हणणार? ती ह्यांची. पोरं माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मीच म्हटली. मी! आवाज फाटला, पण पोरांनी पुढची ओळ अशी उचलली की फादरही हसले.

बाहेर रोझी म्हणाली, “काकी, काका गोड गायचे. तुम्ही नुसत्या मोठ्याने!”

घुमट परत मागितलं नाही. खुंटी रिकामीच बरी दिसते.