देठासकट

ढोकी, २१ मार्च २०२५

चि. सौ. दीपमालास, अनेक आशीर्वाद.

सकाळी रेशमाच्या अळ्यांना पाला घातला, शेड झाडली. ऊन फार आहे. फोनवर मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितो.

पाल्यासाठी सगळी तुती छाटतो, पण विहिरीवरचं एक झाड तुझ्या आईनं कधी छाटू दिलं नाही. यंदा ते फळांनी लगडलं आहे. साळुंक्या मात्र फार दिवस ठेवणार नाहीत आणि तिचं वर्षश्राद्ध पाच एप्रिलला. तिच्या पानावर ही फळं असावीत, एवढंच मनात आहे. काल थोडी फ्रिजात ठेवली, ती आज फिकी, ओलसर दिसतात. काळी कशी राहतील? तू शीतगृहात काम करतेस, विचारून कळव. लक्ष्मीआत्या म्हणते, पेढे ठेव.

प्रवास करू नकोस. सातवा महिना आहे.

तुझे अण्णा

पुणे, २५ मार्च २०२५

ती. अण्णांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून मीही पत्रच पाठवते. आत्या सांगत होती, ताटात निम्मी भाकरी तशीच असते. असं करू नका.

एका फांदीवर जाळी बांधा. उशिरा पिकणारी फळं श्राद्धाच्या दोन दिवस आधी, सकाळच्या गारव्यात, देठासकट तोडा. डब्यात कागदावर एकाच थरात रचून फ्रिजात ठेवा. तुम्ही धुऊन ठेवली असणार. पाणी लागलं की रंग सुटतो. तरीही तुती नाजूक, खात्री देता येत नाही. त्या दिवशी मी तिथं नसेन, याचंच वाईट वाटतं.

माया असू द्यावी.

आपली दीपमाला

ढोकी, ६ एप्रिल २०२५

चि. सौ. दीपमालास, अनेक आशीर्वाद.

काल श्राद्ध झालं. तू ओळखलंस. पानावर ठेवायची म्हणून ती पहिली फळं मी आधीच धुतली होती, पातेल्यातलं पाणी जांभळं झालं. नंतर तू लिहिलंस तसं केलं. दोन दिवस सारखा डबा उघडून बघत होतो. आत्या म्हणाली, लई येळा उघडतोस, त्याला गार कवा व्हायचं?

काल उघडला, तर मूठभर फळं काळीभोर होती. आत्यानं धुवायला तांब्या उचलला. मी म्हणालो, “धुऊ नको, अक्का. ती नेहमी झाडाखाली उभी राहून तशीच खायची.” आत्यानं तांब्या खाली ठेवला.

तब्येतीला जप. पत्र टाकत जा.

तुझे अण्णा

ता. क. सगळे गेल्यावर जाळी सोडायला गेलो. फांदीवर एक फळ राहिलं होतं. तसंच खाल्लं. मग जाळीची घडी घालून शेडमध्ये ठेवली.