मामाच्या दगडावरचा शेंदूर

माय, तुझ्या त्या दगडापायी आज पुन्हा डोकं फिरलं आहे, म्हणून लिहायला बसलो. चुडाव्याच्या स्टेशनाकडं जाताना वळणावर, बाभळीखाली, तुझ्या धाकट्या भावाच्या नावाचा तो दगड. रझाकारांच्या दिवसांत मामा मेंढरं चारता चारता घोंगडीत लपवून निरोप पोचवायचा आणि तिथंच त्याला गोळी घातली, हे तुला मी काय सांगणार? पण आता ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही गं. आज विळा घेऊन गेलो होतो, म्हटलं शेंदूर खरवडून नाव तरी उघडं करावं. तिथं एक पोरगी नारळ फोडत होती. विचारलं, हा कोण? म्हणाली, "म्हसोबा हाय की. लय कडक हाय आजोबा, आधी चप्पल काढा." मला सांगते, सख्ख्या भाच्याला!

निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळा उर्दूची मराठी झाली होती आणि मी नवीनच जोडाक्षरं वाचायला शिकलो होतो. तो दिवस मला अजून दिसतो. गाडीतून दगड उतरवतात, तालुक्याहून आलेला पुढारी हार घालतो, लांबलचक भाषण करतो. मग गुरुजी मला पुढं ढकलतात, वाच रे, तुझाच मामा आहे. मी बेंबीच्या देठापासून ओरडून वाचतो. मामाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली, मुक्तीसाठी प्राण दिले. तू तोंडाला पदर लावून मागं उभी. मला वाटलं, झालं, आता हे नाव काही मरत नाही. कागद भिजतो, दगडाला काय होतंय?

तर पुढच्याच आवसेला तू तेल आणि शेंदूर घेऊन हजर! मी धावत आलो.

"माय, काय करायलीस? अक्षरं बुजायलीत सगळी!"

"बुजू दे. बिनलग्नाचा गेला त्यो. रानोमाळ फिरत आसंल. त्याला कुठंतरी बसवाय नको?"

"आगं, नाव हाय त्याचं! सरकारनं बसवलेला दगड हाय!"

"दगड सरकारचा आसंल. भाऊ माझा हाय. मला कुठं वाचता येतंय? हात फिरवला की समजतंय मला, हाय म्हणून."

असं म्हणून तू बोटं बुडवून पहिल्या ओळीवरच लावलंस. मी चिपाडानं कोरून काढायचो, तू आवसेला दुप्पट थापायचीस. एकदा त्यावरून पाठीत धपाटाही घातलास. तू लावतेस म्हणून शेजारणी लावायला लागल्या, मग गाडीवाले थांबायला लागले, कुणाचं ढोर बरं झालं, कुणाला पोर झालं, आणि बघता बघता माझ्या मामाचा म्हसोबा झाला. बेजार केलंस तू मला, माय.

तू गेलीस, मी एसटीत कंडक्टर झालो. तर नशीब बघ, रोज तोच रस्ता. स्टॉपचं नावच म्हसोबा. एकदा हट्टानं मामाचं नाव पुकारलं. कुणी जागचं हललं नाही. एका म्हातारीचा स्टॉप चुकला, पुढं उतरून ती ओरडली, "मुडद्या, म्हसोबा म्हणायला जीभ झडली का तुझी?" त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी म्हसोबा, म्हसोबा असंच ओरडत आलो. कुणापुढं डोकं फोडायचं?

आता रस्ता रुंद करायला लागलेत. माझ्या लहानपणी उर्दू आकडे पुसून ज्यांच्यावर मराठी घातले होते, ते मैलाचे दगड उपटले. पुढच्या गावच्या फाट्यावर आपल्यासारखाच दगड होता, दोन शेतकऱ्यांच्या नावाचा. दरवर्षी चुना लावलेला, अक्षरं लख्ख, अगदी मला आपला जसा हवा होता तसा. तोही मुरमाबरोबर ट्रकमध्ये गेला. मी जीव मुठीत धरून साहेबाकडं पळालो, म्हटलं आमच्या दगडाला तरी हात लावू नका, तो हुतात्मा आहे. तो हसला. "काका, तुमच्या देवाला कोण हात लावतंय? मशिनवाला ड्रायव्हरच तयार न्हाई." रस्ता वळसा घालून नेलाय, माय. वाचता येत होता तो दगड गेला, आणि ज्याच्यावर एक अक्षर दिसत नाही तो राहिला. तू शेंदूर थापला नसतास तर दगड गेला असता, आणि थापलास म्हणून मामा गेला. आता मी राग काढायचा कुणावर? तुझ्यावर काढायची सवय होती, तर तीही सोय ठेवली नाहीस.

विळा तसाच परत आणलाय. त्या पोरीसमोर चप्पलही काढली, आणि हात फिरवून बघितला, तू फिरवायचीस तसा. गार लागला आणि बोटं तेलकट झाली. मला काही समजलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून आत्ता एकदा मोठ्यानं वाचून बघितलं. नाव बुजलं म्हणून एवढा कंठशोष केला, आणि माय, या अख्ख्या पत्रात मामाचं नाव मीही एकदाही लिहिलेलं नाही.