अण्णा, जॉइंट चुकला नव्हता

अण्णा, आज कुणाला तरी गाठून सांगायचं होतं आणि पहिले तुम्हीच आठवलात. तुमचा तो क्रोन्सचा आजार मलाही झाला. सहा महिन्यांपूर्वी तुमच्यासारखंच माझंही आतडं कापून जोडलं, आणि आज चिंचवडला आत कॅमेरा घालून तपासलं. डॉक्टरबाईंनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवला. "हा बघा जोड. एकही व्रण नाही." गुलाबी, स्वच्छ! चाकणच्या कंपनीत रोज मी पार्ट तपासून पास करते. आज मीच पास झाले!

तुम्ही पाइप फिटर. ऑपरेशन करून घरी आलात आणि शेजारीपाजारी सांगत सुटलात, "खराब तुकडा काढला, लाइन चालू!" दीड वर्षाने त्याच जागी दुखायला लागल्यावर थेट सर्जनकडे गेलात. "साहेब, जॉइंट चुकलाय तुमचा." आईचं म्हणणं, कॅन्टीनचं तिखट बाधलं. तिने घरातला ठेचा बंद केला. आणि मी, चौदा वर्षांची अतिशहाणी, भर जेवणात म्हणाले, "तुम्हीच ओढवून घेतलंय हे." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि डबा न घेताच सेकंड शिफ्टला निघालात. दुसऱ्या ऑपरेशननंतर तुम्ही घरी आलाच नाहीत. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून आज बाईंना विचारलंच, हा परत का येतो? त्या म्हणाल्या, "आम्ही आतडं कापतो, आजार नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, ती खोड तशीच राहते. परत येतो तो बहुतेकदा जोडापाशीच. तिथेच का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून दुखायच्या आधी बघायचं, औषध सोडायचं नाही." मी विचारलं, "आणि तिखट?" "त्याने त्रास वाढेल एखाद्याला, पण आजार त्याने परत येत नाही." अण्णा, मला तिथेच नाचावंसं वाटलं! सर्जन चुकला नव्हता, तुम्हीही नाही.

मोशीला घरी पोचेपर्यंत हे आईला कसं सांगायचं, तेच घोळवत होते. रिपोर्ट ऐकून तिने देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले. मग म्हणाली, "तुझ्या अण्णांनी तेवढी जीभ आवरली असती, तर आज असते बघ." शेवटची दोन वर्षं तिने तुम्हाला आवडीचा एक घास दिला नव्हता, तुम्ही जगावं म्हणून. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, "हो ना, आई."